गोलकीपरशी बोलू नये

उत्तरेकडच्या बर्फाळ कल्लिओयॅर्वी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की सामन्याच्या दिवशी गोलकीपरशी बोलू नये. रस्त्यात दिसली तर मान हलवावी, दुकानात भेटली तर तिला पुढं जाऊ द्यावं, आणि सख्खी आई असली तरी ताट समोर ठेवून निमूट आपल्या कामाला लागावं. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. तो गावाला दिला तुओवी हाउक्कालानं, आणि तोही तोंडातून एक शब्द न काढता.

तुओवी जवळजवळ दोन तपं गोलात उभी होती. देशाकडून आइस हॉकी खेळली, विजेतेपदं आणली, गुडघे आणि पुढचे दोन दात घालवले. सामन्याच्या दिवशी सकाळी डोळे उघडल्यापासून शेवटचा भोंगा वाजेपर्यंत ती अवाक्षर काढायची नाही. लोक सांगतात, एकदा अशाच सकाळी तिच्या धुराड्यानं पेट घेतला. बाईसाहेब शांतपणे बाहेर आल्या, शेजाऱ्याच्या दारावर थाप मारली, हातातली पळी छपराकडं रोखली आणि आत जाऊन कॉफी संपवली. खरंखोटं देव जाणे. त्या दिवशी तिनं एकही गोल होऊ दिला नाही, एवढं मात्र खरं. गाव म्हणायचं, काय हे धैर्य! बाई आहे की बर्फाची लादी!

बाई मनात म्हणायची, म्हणा बापड्यांनो.

कारण तुओवी भित्री होती. चांगली भित्री भागूबाई होती. सामन्याच्या सकाळी तिच्या पोटात गोळा उठायचा, दातांवर दात आपटायचे. तोंड उघडलं तर पहिलं वाक्य "मला नाही जायचं" हेच बाहेर पडेल, म्हणून ती ओठ शिवल्यासारखी बसायची. भीती कानाशी लागून सांगायची, आज काही तू वाचत नाहीस. आणि दर वेळी ती धडधाकट परत यायची, सौनाच्या वाफेत बसून घाम गाळायची आणि भीतीला चार शिव्या हासडायची. एवढ्या वर्षांच्या खेळातून तिनं एकच गोष्ट पक्की शिकून घेतली होती: भीती खोटारडी असते. पदकं माळ्यावर बुटांच्या खोक्यात पडली होती.

खेळणं थांबलं तेव्हा तिला वाटलं, सुटले. मग गावच्या क्लबनं, म्हणजे कुइकातनं, बायकांच्या संघाची कोच हो म्हणून गळ घातली, आणि तिच्या लक्षात आलं की स्वतःच्या अंगावर येणारी हॉकीची रबरी चकती परवडली. दुसऱ्याच्या लेकीच्या अंगावर येणारी बघवत नाही.

ती दुसऱ्याची लेक म्हणजे साइमी. बस चालवणाऱ्या सिर्काची एकुलती एक पोरगी. सातवीत असल्यापासून तुओवीच्या हाताखाली वाढलेली, आता विशीतली. तुओवी जशी उभी राहायची तशी ती उभी राहायची, तुओवी स्टिकला जशी पांढरी पट्टी गुंडाळायची तशीच गुंडाळायची. आणि मौनही तसंच पाळायची, किंबहुना गुरूपेक्षा कांकणभर जास्तच. तुओवीला ते बघून अभिमान वाटायचा, आणि थोडी लाजही. पण खरं सांगायचा धीर तिला कधी झाला नाही. भित्र्या माणसाला सगळ्यात जास्त भीती असते ती भित्रं ठरायची.

मार्चमधल्या त्या शनिवारी मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकलं तर कुइकात वरच्या लीगमध्ये जाणार होतं. गाव कित्येक वर्षं या दिवसाकडं डोळे लावून बसलं होतं. बेकरीवाल्यानं क्लबच्या निळ्या रंगाचे बन केले होते, ते कुणी खाईना, पण विकत सगळे घेत होते.

सकाळी हलका सराव होता. कर्णधार हिल्पा नळजोडणीची कामं करते, मनगटं लोखंडासारखी, तोंड मात्र सैल. तिनं मारलेली चकती दुसरीच्या स्टिकला लागून उडाली ती थेट साइमीच्या मास्कच्या कडेवर. साइमी मागं गेली आणि तिचं डोकं गोलाच्या खांबावर आपटलं. आवाज फार मोठा नव्हता.

"मेले गं मी! साइमी! अगं..." हिल्पा ओरडली, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं हातमोजा स्वतःच्या तोंडावर दाबला.

तुओवी तिच्यापाशी पोचली तोवर साइमी उठून बसली होती. तुओवीनं तोंड उघडलं. डोक्याला मार लागला की विचारायचे प्रश्न तिला पाठ होते. आज वार कोणता, आपण कुठं आहोत, मागचा सामना कुणाशी झाला.

"कोच, बोलू नकोस!" हिल्पा मागून दबक्या आवाजात म्हणाली. "आज सामना आहे. तूच तोडणार का तुझा नियम?"

तुओवीनं तोंड मिटलं. तिनं अंगठा वर केला आणि भुवया उंचावल्या, म्हणजे ठीक ना? साइमीनं हातमोजा काढला, उजव्या हाताचा अंगठा दाखवला आणि जाळीमागून हसली. सगळ्याजणींनी स्टिका बर्फावर आपटून तिची पाठ थोपटली. सराव पुढं सुरू झाला. तुओवीच्या पोटात गोळा आला होता, पण तो काय, दर शनिवारी यायचा.

दुपारी साइमी घरी जेवून, झोप काढून परत आली. सिर्कानं तिला हॉलच्या दाराशी सोडलं आणि ती गाडी लावायला गेली. साइमी ड्रेसिंग रूममध्ये आपल्या कोपऱ्यात बसली आणि पॅड बांधायला लागली. डावं बांधून झालं. उजव्याचा पट्टा हातात धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. पट्ट्यानं कोडं घातल्यासारखी ती बघत होती.

संघाचं सामान सांभाळणारा म्हातारा आर्मास तोंडात काळी खारट गोळी घोळवत तिच्यापुढं वाकला आणि त्यानं पट्टा लावून दिला. मग तुओवीजवळ येऊन कुजबुजला, "आज आपली राणी स्वतःत फारच खोल गेलीय. अगदी तुझ्यावर गेली बघ."

"नजर बघितलीस?" हिल्पा म्हणाली. "माझ्यातून आरपार बघतेय. आज त्या पाहुण्या पोरींचं काही खरं नाही."

खोलीत हशा पिकला. तुओवी हसली नाही. तिनं स्वतःलाच दटावलं, बाई, हे तुझं जुनंच दुखणं. पोरगी एकाग्र झाली की तुला ती आजारी दिसते. तिनं लांबूनच अंगठा वर केला. थोड्या वेळानं साइमीनंही केला. या वेळी डाव्या हाताचा.

मग सगळ्या बर्फावर गेल्या. कुठलाही गोलकीपर गोलात उभा राहिला की पाठीमागं न बघता स्टिकनं एकदा हा खांब ठोकतो, एकदा तो. ती काही नुसती सवय नसते. आंधळा काठीनं उंबरा चाचपतो तसं ते असतं, आपलं घर कुठून कुठवर आहे ते समजून घ्यायचं. साइमीनं डावा खांब ठोकला. मग पुन्हा डावा. जराशानं पुन्हा डावा. उजव्या खांबाकडं ती वळलीच नाही, जणू त्या बाजूला काही नव्हतंच.

डावीकडच्या चकत्या तिनं अडवल्या. उजवीकडच्या आत गेल्या, आणि त्या जाताना तिनं मानही फिरवली नाही. एकदा तिच्या उजव्या हातातून स्टिक सुटून बर्फावर पडली. ती त्या हाताकडं बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखी.

"ताकद राखून ठेवतेय," हिल्पा कठड्याशी येऊन पाणी पिताना म्हणाली. "मुद्दाम फसवतेय त्यांना. बेरकी आहे पोरगी."

"तुला तसं वाटतं?"

"मग काय? तुझीच चेली ना! आणि कोच, तुझा चेहरा जरा सरळ कर बाई. पोरी बघतायत."

तुओवीनं चेहरा सरळ केला. साइमीला बाहेर काढायचं तर गोलात कोण? मिन्तू. शाळेत जाणारी, गुणी, पण मोठ्या सामन्यात चकती आली की डोळे मिटणारी. म्हणजे सामना गेला, वरची लीग गेली. आणि हे कशावरून करायचं? एका स्टिकवरून? आपल्या पोटातल्या गोळ्यावरून? त्या गोळ्यानं जन्मभर एक तरी गोष्ट खरी सांगितली होती का? त्याचं ऐकलं असतं तर ती एकही सामना खेळली नसती. वर या पोरीचं मौन मोडून तिचं मन ढवळायचं, आणि सामना हरल्यावर तिच्या डोळ्यांना डोळा द्यायचा.

पण भीती ऐकेना. आणि आज तिची बोली वेगळी होती. एरवी ती तुओवीला म्हणायची, तू मरशील. आज ती तुओवीचं नावही घेत नव्हती.

सामन्याआधी सगळ्या पुन्हा ड्रेसिंग रूममध्ये आल्या. वर प्रेक्षक पाय आपटत होते, छतातून धूळ पडत होती. तुओवी कोपऱ्यात गेली आणि साइमीसमोर उकिडवी बसली. साइमीनं मास्क डोक्यावर सरकवला होता. तुओवीनं अंगठा वर केला.

साइमीनं अंगठा वर केला.

"हो-हो-होऽऽ!" बाकीच्यांनी आरोळी ठोकली आणि त्या उठून दाराकडं निघाल्या. तुओवीही उठणार होती. का कोण जाणे, तिनं अंगठा खाली घेतला आणि त्याच हातानं स्वतःचा कान धरला.

साइमीनं तिच्याकडं नीट बघितलं. मग हळूच हात उचलला आणि आपला कान धरला. आणि हसली. ओठांची डावी बाजू वर गेली, उजवी जागची हलली नाही.

"हे काय गं?" हिल्पा दारातून म्हणाली. "सामना आहे की बालवाडी?" दोघी-तिघी हसल्या. मग हिल्पाला तुओवीची ताठरलेली पाठ दिसली, आणि ती हसायची थांबली.

सकाळचा तिचा अंगठा हे प्रश्नाचं उत्तर होतं. दुपारपासून मात्र ती पोरगी उत्तर देतच नव्हती. समोर अंगठा दिसला की अंगठा, कान दिसला की कान, नुसती नक्कल.

"साइमी," ती मोठ्यानं म्हणाली. "तुझं नाव सांग मला."

"कोच!" कुणीतरी म्हणालं. आर्मासच्या तोंडातली गोळी दाताला लागून खटकली, तेवढाही आवाज ऐकू आला.

साइमीनं तोंड उघडलं. कपाळाला आठ्या घातल्या. आत कुठंतरी शोधत असावी. "दार," ती म्हणाली. मग मान हलवली, हे नव्हे. पुन्हा प्रयत्न केला. "दार. दार." आणि तिच्या डोळ्यांत जी भीती आली ती तुओवीला लगेच ओळखू आली. वीस-बावीस वर्षं ती तिनं आरशात बघितली होती.

"आर्मास, रुग्णवाहिका! पळ! डोक्यात रक्तस्राव आहे म्हणून सांग, हेलिकॉप्टर लागेल म्हणून सांग! हिल्पा, हिचे पॅड काप, सोडत बसू नकोस, काप! मिन्तू, तू गोलात."

"मी?" मिन्तू रडवेली झाली. "कोच, मला नाही जमणार, मला भीती वाटते."

"वाटू दे," तुओवी म्हणाली. "सगळ्यांना वाटते. जा."

हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरणार होतं. रुग्णवाहिकेत एका बाजूला सिर्का लेकीची पावलं धरून बसली, दुसऱ्या बाजूला तुओवी. खेळत असताना जी बाई सामन्याच्या दिवशी कधी शब्द बोलली नव्हती तिच्या तोंडाचा पट्टा त्या वाटेवर क्षणभर थांबला नाही. धुराड्याची गोष्ट सांगितली, गुडघ्यांची सांगितली, कुठल्या कुठल्या पोरींची नावं घेतली. साइमी एकदा "दार" म्हणाली, पुढं तेही म्हणाली नाही. तिचा उजवा हात तुओवीच्या हातात नुसता पडून होता. "झोपू नकोस गं," तुओवी म्हणत होती, "माझ्याकडं बघ, मी बोलतेय ना, ऐक." मैदानावर हेलिकॉप्टरवाल्यांनी पोरीला उचलून नेलं. दोघींना वर जागा नव्हती.

मग आर्मासची गाडी, मागं स्केट्सना धार लावायचं यंत्र खडखडतंय, आणि दोन्हीकडं काळं जंगल. मोठ्या इस्पितळापर्यंत वाट संपता संपेना. सिर्का पुढं बसली होती, ताठ, सीटचा पट्टा घट्ट धरून. भीती तुओवीच्या कानाशी होतीच. गेली, म्हणत होती, पोरगी गेली, तू नेलीस. तुओवीनं आयुष्यभर तिला खोटारडी म्हटलं होतं. आता ती त्या भीतीच्याच पाया पडत होती, बाई गं, आणखी एकदाच खोटी ठर.

सिर्का पुढं बघतच म्हणाली, "सकाळी लागलं तिला. हिल्पानं सांगितलं निघताना. तू काय विचारलंस?"

"काही नाही," तुओवी म्हणाली. "अंगठा दाखवला."

आर्मासनं वेग थोडा कमी केला, पुन्हा वाढवला.

"जेवताना तिनं काटा तीनदा खाली पाडला," सिर्का म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "झोपून उठली तर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कितीतरी वेळ उभी होती, तोंडाकडं बघत. मला वाटलं, विचारावं, काय गं? पण आज सामना होता ना. मी तिची पिशवी उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली." मग तिनं तोंड ओंजळीत घेतलं. तुओवीनं मागून हात पुढं केला, पण तिच्या खांद्यावर ठेवायची हिंमत झाली नाही.

शस्त्रक्रिया झाली. बाहेर येऊन सर्जनबाई म्हणाल्या की जिवाचा धोका टळला असं वाटतंय, बाकीचं पुढं कळेल, आणि आणखी थोडा उशीर झाला असता तर आपण हे बोलत नसतो. तुओवी भिंतीला पाठ लावून खाली बसली ती बसलीच. तिथंच हिल्पाचा फोन आला.

"जिवंत आहे," तुओवी म्हणाली.

पलीकडं हिल्पा हुंदके देऊन रडली. मग नाक ओढत म्हणाली, "हरलो गं. मिन्तूनं इतके गोल खाल्ले की मोजणं सोडून दिलं. पण आम्ही तिच्याशी बोलत होतो, कोच. खेळ थांबला की जी ती तिच्यापाशी जाऊन बोलत होती. काय वाट्टेल ते. पंच म्हणाला, तुमचं काय चाललंय? म्हटलं, गप रे, तुला काय कळतंय."

साइमीला भेटायला सोडलं ते पुढच्या आठवड्यात. डोकं अर्धं भादरलेलं, बाजूला टाक्यांची ओळ. शब्द परत येत होते, पण एकेक, आणि वाट चुकून. तुओवी दारात उभी राहिली आणि सवयीनं तिचा अंगठा वर जायला लागला. तिनं तो दुसऱ्या हातानं पकडून खिशात कोंबला.

"कशी आहेस?" तिनं विचारलं.

साइमी शब्द शोधत राहिली. घाई करायची नाही, असं तुओवीला बजावलं होतं. तुओवी वाट बघत उभी राहिली.

"भीती," साइमी म्हणाली. "वाटली."

"हो."

"आईला... सांगायचं... होतं." तिनं डोळे मिटले, उघडले. "पण... सामना."

तुओवीला वाटलं, आता इथून पळून जावं. तेही तिला जुनंच होतं. ती पलंगाशी आली.

"मलाही वाटायची," ती म्हणाली. "प्रत्येक सामन्याला. मी गप्प बसायचे ना, ते त्याच्यामुळं. तोंड उघडलं असतं तर रडले असते. दुसरं काही नव्हतं त्यात, साइमी. काहीही नव्हतं."

साइमी तिच्याकडं बघत राहिली. तिच्या ओठांची डावी बाजू हलली, आणि मागाहून, अगदी थोडी, उजवीही. पण ती हसत नव्हती.

"सांगायचं," ती म्हणाली. पुढचा शब्द सापडेना. तिनं डाव्या मुठीनं गादीवर मारलं. शेवटी तो सापडला. "सांगायचं... होतंस."

तुओवीनं खुर्ची ओढली, पलंगाला लावली आणि धुराडं पेटलं त्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली, आपण आत जाऊन कॉफी प्यायलोच नव्हतो, न्हाणीघराची कडी लावून बसलो होतो, तिथपासून.